एकावन्न युनिटांचा हिशेब

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते. वय ३६. कोल्हापूरला बी. ए.चे दुसरे वर्ष झाले आणि लग्न होऊन अमेरिकेत आले, त्यामुळे पदवी राहिली. गेली सहा वर्षे एका प्रीस्कूलमध्ये शिकवते. नोकरीसाठी लागतील तसे बालशिक्षणाचे कोर्स जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सार्वजनिक कॉलेजात) एकेक करून केले. आज माझे ५१ युनिट (श्रेयांक) झाले आहेत आणि श्रेणीची सरासरी ३.५ आहे. बॅचलर्सला ट्रान्स्फर होण्यासाठी, म्हणजे येथून विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाण्यासाठी, ६० युनिट लागतात, म्हणजे तीन कोर्स उरले, असे मी धरून चालले होते. पण काउन्सेलर म्हणतात की अजून किमान वर्ष लागेल, आणि त्यात सांख्यिकी व प्रयोगशाळेसह जीवशास्त्रही करावे लागेल. मग बालशिक्षणाचे ३६ युनिट वाया गेले का? एक खासगी ऑनलाइन विद्यापीठ माझे सगळे युनिट घेऊन दीड वर्षात पदवी देतो म्हणते. भाऊ म्हणतो, मुक्त विद्यापीठातून राहिलेले वर्ष पूर्ण करून टाक. पती म्हणतात, तू ठरव. गणिताची मला शाळेपासून भीती आहे. अठरा वर्षांच्या मुलांबरोबर बसून अजून एक वर्ष घालवावे का? मला पब्लिक शाळेत ‘टीके’च्या (ट्रान्झिशनल किंडरगार्टन, म्हणजे किंडरगार्टनच्या आधीचे वर्ष) वर्गाची शिक्षिका व्हायचे आहे. आमचे ग्रीन कार्ड चार वर्षांपूर्वी झाले आहे.

उत्तर :

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य अगदी शेवटी, जाता जाता आले आहे. टीकेची शिक्षिका व्हायचे आहे हे एकदा नक्की झाले की बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यातून निघतात, म्हणून आपण तेथूनच सुरुवात करू. कॅलिफोर्नियाने गेल्या काही वर्षांत टीकेचा वर्ग टप्प्याटप्प्याने विस्तारला आणि २०२५-२६ पासून १ सप्टेंबरपर्यंत चार वर्षे पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलासाठी तो खुला झाला. त्या वर्गाच्या मुख्य शिक्षिकेकडे बॅचलर पदवीनंतर मिळणारे राज्याचे अध्यापन-क्रेडेन्शियल, म्हणजे शिकवण्याचा परवाना, असावे लागते आणि त्याशिवाय बालशिक्षण किंवा बालविकास या विषयांतील २४ युनिट किंवा त्यांच्या तोडीची पात्रताही लागते. प्राथमिक शाळेत वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या कित्येक शिक्षिकांना टीकेकडे वळताना नेमके हे २४ युनिट कमी पडले आणि नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गांना बसावे लागले. तुमच्याकडे ते आधीच आहेत. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांनी एकसारखे करून घेतलेले बालशिक्षणाचे आठ पायाभूत कोर्स, म्हणजे बालकाची वाढ व विकास, मूल-कुटुंब-समाज, तत्त्वे व पद्धती, अभ्यासक्रमाची ओळख, निरीक्षण व मूल्यमापन, आरोग्य-सुरक्षा-पोषण, वैविध्यपूर्ण समाजातील अध्यापन आणि प्रत्यक्ष सराव, हे प्रत्येकी ३ युनिटांचे असतात आणि त्यांची बेरीज बरोबर २४ होते. उरलेल्या १२ युनिटांत तुम्ही शाळा-व्यवस्थापनाचे कोर्स केले असतील, तर प्रीस्कूलच्या साइट सुपरवायझर परवान्यासाठी ते उपयोगी पडतात. तेव्हा वाया काहीच गेलेले नाही. ते ज्या रकान्यात मोजायचे तो रकाना मात्र भरला आहे, आणि दुसरा रकाना बराचसा रिकामा आहे.

आपल्याकडील बहुतेक पत्रांत याच जागी गल्लत झालेली दिसते. ६० हा आकडा सर्वांच्या तोंडी असतो आणि तो खराही आहे, पण ती अनेक अटींपैकी एकच अट आहे. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या (यापुढे सीएसयू) कोणत्याही कॅम्पसवर तिसऱ्या वर्षात प्रवेश घेताना ६० सेमिस्टर-युनिट तर लागतातच, शिवाय त्यांपैकी किमान ३० सामान्य शिक्षणाचे, म्हणजे सर्व शाखांना समान असलेल्या विषयांचे, असावे लागतात. या ३० मध्ये चार कोर्स असे आहेत की त्यांच्यावाचून पुढे जाताच येत नाही. लेखी इंग्रजी, मौखिक संवाद, चिकित्सक विचार आणि गणित किंवा संख्यात्मक विचार यांचे हे कोर्स असतात, आणि विद्यार्थी व काउन्सेलर त्यांना ‘गोल्डन फोर’ म्हणतात. हे चारही निदान सी-मायनस श्रेणीने प्रवेशापूर्वीच्या वसंत सत्राअखेर पूर्ण झालेले असावे लागतात. त्यांतला एक राहिला, तर तुमच्याकडे ७० युनिट असले तरी उपयोग होत नाही. तुम्ही पत्रासोबत जोडलेल्या यादीप्रमाणे लेखी इंग्रजी झाले आहे आणि उरलेले तिन्ही बाकी आहेत. सामान्य शिक्षणाच्या बाजूला तुमच्या खात्यावर आज इंग्रजी, मानसशास्त्र, कला आणि एथ्निक स्टडीज हे चार कोर्स दिसतात. बालकाची वाढ व विकास हा कोर्स बहुतेक कॉलेजांत सामाजिक शास्त्रातही धरला जातो, म्हणून तो पाचवा. यांची बेरीज १५ होते. काउन्सेलरांनी सांगितलेले वर्ष या १५ मधून आले आहे, आणि त्यांचा हिशेब चोख आहे.

आता हे वर्ष कसे वापरायचे ते पाहू. तुम्ही केवळ किमान अटीपुरते कोर्स करून जाऊ शकता, पण मी तसे सुचवणार नाही. त्याऐवजी ट्रान्स्फरसाठीची असोसिएट पदवी, म्हणजे एडीटी, पूर्ण करून जावे असे माझे स्पष्ट मत आहे. ही पदवी २०१० च्या कायद्याने सुरू झाली. ती घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला सीएसयूच्या कोणत्या ना कोणत्या कॅम्पसवर तिसऱ्या वर्षाला जागा मिळण्याची हमी असते, आणि संबंधित विषयात पुढे शिकल्यास ६० पेक्षा जास्त युनिट करायला लावता येत नाहीत. हमी विशिष्ट कॅम्पसची नसते, हे मात्र लक्षात ठेवावे. बालशिक्षणाची एडीटी मुख्यतः त्याच आठ कोर्सवर उभी आहे, त्यामुळे विषयाचा भाग तुमचा जवळजवळ झालाच आहे. उरतो तो सामान्य शिक्षणाचा पूर्ण साचा. २०२५ च्या शरद सत्रापासून सीएसयू आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया या दोन्हींसाठी ‘कॅल-जेटसी’ नावाचा एकच ३४ युनिटांचा साचा लागू झाला आहे. त्याआधीपासून तुम्ही सत्र न सोडता शिकत असाल, तर जुन्या साच्याने जाण्याचा हक्क तुम्हाला कदाचित असेल. पण तुमच्या बाबतीत नव्या साच्यानेच कमी कोर्स करावे लागतील, असे मला यादीवरून वाटते. काउन्सेलरांकडून दोन्ही आराखडे शेजारी शेजारी मांडून घ्यावेत.

तुमच्या यादीत कॅल-जेटसीच्या दृष्टीने मौखिक संवाद, चिकित्सक विचार, सांख्यिकी, मानव्यविद्येचा एक कोर्स, भौतिक विज्ञानाचा एक कोर्स आणि प्रयोगशाळेसह जीवशास्त्र एवढे उरते. हे साधारण २० युनिट आहेत. पूर्णवेळ नोकरी आणि घर सांभाळून दोन सत्रांत २० युनिट करणे मी कोणालाही सुचवणार नाही, म्हणून येते उन्हाळी सत्र वापरावे. उन्हाळ्यात मौखिक संवाद आणि मानव्यविद्या घ्यावी. हे दोन्ही कोर्स अनेक कॉलेजांत ऑनलाइन मिळतात, आणि ते तुमच्याच कॉलेजात केले पाहिजेत असेही नाही. दुसऱ्या कॉलेजात करायचे ठरल्यास ते कोणत्या रकान्यात मोजले जातील, हे मात्र आधी काउन्सेलरांकडून ईमेलवर लिहून घ्यावे. शरद सत्रात सांख्यिकी आणि चिकित्सक विचार. त्या सत्रात दुसरे काहीही घेऊ नये, कारण हेच दोन तुम्हाला जड जाणार आहेत आणि याच दोहोंवर प्रवेश अडतो. सांख्यिकीत काही बिनसले, तर ती पुन्हा करायला वसंत सत्र हाताशी राहते. एरवी वसंत सत्रात जीवशास्त्र आणि भौतिक विज्ञान होईल आणि मे महिन्यात पदवी पूर्ण होईल. एकूण ७० च्या आसपास युनिट होतील. कम्युनिटी कॉलेजातून सीएसयूकडे जास्तीत जास्त ७० युनिटच नेता येतात, म्हणून याखेरीज ‘सहज मिळतोय’ म्हणून आणखी एखादा बालशिक्षणाचा कोर्स घेण्याचा मोह टाळावा.

गणिताविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, पण ते वाचताना मला वाटले की वर्ष कशासाठी लांबवायचे, या प्रश्नामागे खरी भीती हीच आहे. पूर्वी कॅलिफोर्नियात ट्रान्स्फर होऊ इच्छिणाऱ्याची चाचणी घेऊन त्याला बीजगणिताच्या दोन-दोन, तीन-तीन पूर्वतयारी वर्गांत बसवत असत. त्यांचे युनिट कुठेच धरले जात नसत, आणि असंख्य प्रौढ विद्यार्थी, त्यांत आपल्यासारख्या स्त्रिया पुष्कळ, त्या पायऱ्यांवरूनच परत फिरत. २०१७ च्या एबी ७०५ या कायद्याने आणि त्याला २०२२ मध्ये जोडलेल्या एबी १७०५ ने ही पद्धत मोडून काढली. आता तुम्ही थेट ट्रान्स्फरच्या दर्जाच्या सांख्यिकीला बसू शकता, आणि ज्यांना आधार हवा त्यांच्यासाठी अनेक कॉलेजांत त्याच कोर्सला जोडून मदतीचा वर्ग असतो. तो मदतीचा वर्ग जरूर घ्यावा. तुमच्या शाखेला कॅल्क्युलसची गरज नाही. सांख्यिकीत सरासरी, विचलन, नमुना निवडणे, शक्यता आणि एखाद्या निष्कर्षावर किती विश्वास ठेवायचा हे शिकवतात, आणि बहुतेक आकडेमोड कॅल्क्युलेटर किंवा सॉफ्टवेअर करते. मुलांच्या निरीक्षणाच्या नोंदी ठेवून वर्गाचे मूल्यमापन तुम्ही सहा वर्षे करत आहात. त्याच कामाचा हा शास्त्रशुद्ध भाग आहे. कठीण जाईल ते सूत्र नव्हे, तर इंग्रजीतील लांबलचक शाब्दिक उदाहरणे, आणि त्यासाठी कॉलेजच्या शिकवणी केंद्रात दर आठवड्याला ठरवून एक तास बसणे हा उपाय पुरेसा आहे. ती शिकवणी विनामूल्य असते आणि संकोचापोटी आपले लोक ती फार कमी वापरतात.

खासगी विद्यापीठाच्या प्रस्तावाकडे मी संशयाने पाहते, तरी सरसकट नकार देत नाही. ‘सगळे युनिट घेतो’ या शब्दांत चलाखी असते. एखादे युनिट घेणे आणि ते पदवीच्या कोणत्याही अटीपोटी मोजणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचे ३६ युनिट ‘ऐच्छिक’ म्हणून नोंदवून विषयाचे कोर्स पुन्हा विकत घ्यायला लावले, तरी ‘सगळे घेतले’ हे विधान खोटे ठरत नाही. म्हणून त्यांच्याकडून कोर्सवार लेखी मूल्यमापन मागावे आणि ते हातात येईपर्यंत एक डॉलरही भरू नये. त्या संस्थेला या भागातील मान्यता देणाऱ्या डब्ल्यूएससीयूसीसारख्या संस्थेची मान्यता आहे का हे पाहावे, कारण मान्यता नसलेल्या पदवीवर राज्याचे क्रेडेन्शियल मिळणार नाही. आणि मग एकूण खर्च सीएसयूच्या खर्चाशी ताडून पाहावा. सीएसयूची पूर्णवेळ शिकवणी-फी राज्यातील रहिवाशाला वर्षाला सहा हजार डॉलरच्या वर पडते, कॅम्पसचे इतर शुल्क वेगळे. सत्राला ६ किंवा कमी युनिट घेतल्यास फीचा दरही कमी लागतो, आणि नोकरी करणाऱ्यांना ही सवलत महत्त्वाची ठरते. कम्युनिटी कॉलेजात तर रहिवाशाला सेमिस्टर-युनिटामागे ४६ डॉलर पडतात. दीड वर्षाचे आश्वासन पूर्ण वेळ दिल्यावरच खरे ठरते, हेही जाहिरातीत बारीक अक्षरांत असते.

भावाचा सल्ला आपुलकीचा आहे, आणि तुम्ही उद्या कोल्हापूरला परतणार असता तर कदाचित मीही तोच दिला असता. परंतु भारतातील तीन वर्षांची पदवी अमेरिकेतील चार वर्षांच्या पदवीइतकी धरली जाईलच असे नाही. मूल्यमापन करणाऱ्या संस्थेगणिक त्याचा निकाल बदलतो, आणि ज्या क्रेडेन्शियलसाठी तुम्ही हे सगळे करत आहात ते अशा अनिश्चित पायावर उभे करणे शहाणपणाचे नाही. परीक्षेच्या तारखांसाठी रजा काढून महाराष्ट्रात जावे लागेल ते वेगळेच. कोल्हापूरच्या दोन वर्षांचे गुण सामान्य शिक्षणाच्या साच्यात बसवण्याची आशाही ठेवू नये. मात्र ती दोन वर्षे अर्जात लपवू नयेत. पूर्वी शिकलेल्या प्रत्येक महाविद्यालयाचा उल्लेख करणे अर्जदारावर बंधनकारक असते, परदेशातील महाविद्यालयांचाही. तेव्हा भावाच्या उत्साहाचा सदुपयोग करून त्याला शिवाजी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात पाठवावे आणि दोन्ही वर्षांची अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट (गुणपत्रिका) आताच मागवून ठेवावी. जुन्या नोंदी शोधण्यात तेथे वेळ जाऊ शकतो, आणि ऐन नोव्हेंबरात ते सुरू करणे परवडणारे नाही.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, आणि तुमच्यासाठी ते चांगलेच आहे. बालशिक्षणाचे बरेचसे व्यावसायिक कोर्स तेथे धरले जात नाहीत, आणि प्रीस्कूलमधील नोकरी सांभाळून तेथे शिकणे अवघड आहे.

तुमच्या घरापासून जाण्याजोगे दोन कॅम्पस आहेत. सॅन होजे स्टेटमध्ये बाल व किशोर विकास हा विषय पदवीला आहे आणि हेवर्डच्या ईस्ट बे कॅम्पसवर मानव विकास. सॅन होजेला अर्ज जास्त येतात, त्यामुळे तेथे सरासरीची चढाओढ असते. ईस्ट बेमध्ये प्रवेश तुलनेने सुलभ आहे आणि फ्रीमाँटहून बार्ट रेल्वेने हेवर्डला जाऊन पुढे कॅम्पसची बस मिळते. नोकरी सुटल्यावर सॅन होजेच्या दिशेची संध्याकाळची रहदारी रोज सोसणे काय असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. माझा कल ईस्ट बेकडे आहे, पण अर्ज दोन्हीकडे करावा. कॅम्पसमागे ७० डॉलर अर्जाचे शुल्क आहे, ते जास्त वाटले तरी करावा. तुमच्या कॉलेजचा कोणता कोर्स त्या कॅम्पसच्या कोणत्या कोर्सऐवजी धरला जातो, हे ‘असिस्ट’ या राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर कॉलेज, कॅम्पस आणि विषय निवडून पाहता येते. उन्हाळी नोंदणीपूर्वी एका रविवारी पतींबरोबर बसून दोन्ही कॅम्पसची ती पाने छापून घ्यावीत. ‘तू ठरव’ म्हणणाऱ्या नवऱ्याला मदतीचे एखादे ठोस काम दिले, म्हणजे पुढच्या वर्षी परीक्षेच्या आठवड्यात स्वयंपाकघर कोण पाहणार हा प्रश्नही आपोआप निघतो.

अर्जाची वेळ समजून घेणे फार आवश्यक आहे. सगळे कोर्स पूर्ण झाल्यावर अर्ज करायचा, असा तुमच्या पत्राचा सूर दिसतो आणि तो चुकीचा आहे. पुढच्या वर्षीच्या शरद सत्रासाठीचा ‘कॅल स्टेट अप्लाय’ अर्ज याच वर्षी १ ऑक्टोबरला खुला होतो आणि त्याची पहिली मुदत नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या अगदी आरंभी संपते. त्या वेळी सांख्यिकी चालू असेल आणि जीवशास्त्र सुरूही झालेले नसेल. चालू आणि नियोजित कोर्स म्हणून दोन्ही अर्जात दाखवता येतात. थांबून अर्ज केला, तर एक पूर्ण वर्ष हकनाक जाते. त्याच हिवाळ्यात फाफ्सा, म्हणजे शैक्षणिक मदतीचा केंद्रीय अर्ज, भरावा. ग्रीन कार्डधारकांना केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीसाठी अर्ज करता येतो, आणि उत्पन्न मध्यम असलेल्या कुटुंबांसाठी राज्याची मिडल क्लास स्कॉलरशिप याच अर्जावरून ठरते. आपल्याला काही मिळणार नाही, असे घरीच ठरवून अर्ज न भरणारी कुटुंबे आपल्यात पुष्कळ आहेत.

ट्रान्स्फरनंतर ६० युनिट उरतील. नोकरी करत दर सत्राला ९ घेतले तर साडेतीन वर्षे, उन्हाळे वापरले तर त्याहून कमी. त्यानंतर क्रेडेन्शियलचा अभ्यासक्रम. राज्याने बालवाडीपासून तिसरीपर्यंतच्या वर्गांसाठी पीके-३ हे वेगळे क्रेडेन्शियल आणले आहे. ते देणाऱ्या अभ्यासक्रमांची चौकशी पदवीच्या शेवटच्या वर्षी करावी. तेव्हा तुम्ही चाळिशीत असाल. ही वर्षे तशीही जाणारच आहेत, हे ठरावीक वाक्य मी लिहिणार नाही, कारण रात्री मुले झोपल्यावर निबंध लिहीत काढलेली वर्षे आणि एरवीची वर्षे सारखी नसतात. दमायला होते. एखादे सत्र सोडावेसे वाटले, तर सोडण्यापूर्वी कॅम्पसची अधिकृत रजा घ्यावी, म्हणजे प्रवेश टिकतो.

अठरा वर्षांच्या मुलांची लाज वाटण्याचे मात्र कारण नाही. १९६० च्या राज्याच्या उच्चशिक्षण आराखड्यानेच कम्युनिटी कॉलेजमधून विद्यापीठाकडे जाणारी वाट सार्वजनिक व्यवस्थेचा अधिकृत भाग म्हणून आखली. आज राज्यात अशी ११६ कॉलेजे आहेत, आणि सीएसयूतून पदवी घेणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास विद्यार्थी याच वाटेने आलेले असतात. संध्याकाळच्या सांख्यिकीच्या वर्गात तुम्हाला परिचारिका, माजी सैनिक आणि आपल्यासारख्याच आया भेटतील. त्यांतल्या दोघींशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून अभ्यासगट जमवावा.

शेवटी दोन कागदांविषयी, कारण याच टप्प्यावर बरेच जण अडखळतात. एडीटी आपोआप मिळत नाही. कॉलेजने जाहीर केलेल्या मुदतीत पदवीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तसेच अंतिम ट्रान्स्क्रिप्ट पाठवताना सामान्य शिक्षण पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र सोबत पाठवण्याची विनंती स्वतः करावी लागते. ती केली नाही, तर नव्या कॅम्पसवर प्रत्येक कोर्स सुटा तपासला जातो आणि एखादा पुन्हा करण्याची पाळी येऊ शकते. या दोन्ही विनंत्यांच्या तारखा काउन्सेलरांच्या पुढच्या भेटीतच लिहून घ्याव्यात, आणि त्याच भेटीत सांख्यिकीला जोडलेला मदतीचा वर्ग संध्याकाळी कोणत्या वारी आहे, हेही विचारावे.